‘श्यामची आई’ : रोज एक रात्र

मैत्रिणींनो, ‘श्यामची आई’ वाचून लहानपणी आपण सगळ्याच रडलो. पण आई झाल्यावर ते पुस्तक पुन्हा हातात घेतलंत का?

चोपड्याहून तापी ओलांडली की अंमळनेर. तिथल्या प्रताप हायस्कुलात साने गुरुजी १९२४ ते १९३० शिक्षक होते. पुढे १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी आपल्या कोकणातल्या आईच्या या आठवणी लिहिल्या.

लहानपणी त्यात दिसतो श्याम. आता दिसते ती आई. पोहायला भिऊन लपलेल्या श्यामला ती शिंपटीनं बाहेर काढते, मग स्वतःच कळवळते. कर्जवसुलीला आलेला माणूस वाटेल ते बोलू लागला की त्याला खडसावते. ती नुसती सोसणारी माउली नाही. हे मुलांना सांगायलाच हवं. नाहीतर आईनं मुकाट सोसायचं असतं, एवढंच ती शिकतील.

पुस्तकात बेचाळीस रात्री आहेत. जेवणं आटोपली की रोज एक मोठ्यानं वाचा, सहा आठवड्यांत संपेल. मुलांच्या बाबांनाही पाळी द्या! आणि ‘आईनं मारलं का गं?’ असं मुलानं विचारलं, तर लगेच तात्पर्य सांगू नका. त्याला काय वाटतं, ते आधी ऐका.