'ट्रॉपिको'तील बंड थोपवायचे कसे?

शहर वसवण्याचे संगणकीय खेळ अनेक आहेत. रस्ते आखा, वीज पुरवा, कर गोळा करा, की नागरिक राहायला येतात. २००१ मध्ये अमेरिकेतील पॉपटॉप सॉफ्टवेअर या कंपनीच्या 'ट्रॉपिको'ने या साच्यात राजकारण मिसळले. शीतयुद्धाचा काळ, कॅरिबियन समुद्रातील एक काल्पनिक बेट आणि तेथील सत्ताधीश 'एल प्रेसिदेंते' म्हणजे खुद्द खेळाडू. येथे शहर उभारून भागत नाही. खुर्चीही सांभाळावी लागते.

बंड कोठून येते?

या बेटावरील प्रत्येक नागरिकाला नाव आहे, कुटुंब आहे आणि स्वतःचे मतही आहे. अन्न, घर, आरोग्य, धर्म, करमणूक, स्वातंत्र्य, सुरक्षितता आणि नोकरी या कसोट्यांवर तो राज्यकर्त्याला जोखत असतो. असमाधान वाढले की तो निदर्शने करतो. तरीही दुर्लक्ष झाले, तर काम सोडून जंगलाची वाट धरतो. पुढे हेच बंडखोर इमारतींवर आणि अखेरीस राजवाड्यावर चाल करतात. राजवाडा पडला की डाव संपला.

नवख्याची चूक

पहिला हल्ला होताच नवखा खेळाडू चौक्या उभारतो, सैन्य वाढवतो. त्यासाठीचा पैसा आणि बांधकाम कामगार अर्थातच घरांच्या योजनांतून काढले जातात. संशयिताला ठार करण्याचीही सोय खेळात आहे. मात्र त्याचे नातलग ते विसरत नाहीत. एक विरोधक संपवताना दोन नवे तयार होतात. लष्करी कायदा पुकारला तर निवडणुकीची कटकट टळते, गुन्हेही घटतात. पण स्वातंत्र्याबाबतचे समाधान कोसळते. निवडणुकीत मतांची अफरातफर केल्यासही तीच किंमत मोजावी लागते.

याहून मोठा धोका सैन्यातच दडलेला असतो. सैनिकही नागरिकच! तुटपुंज्या पगारावर झोपडीत राहणारा सैनिक उठावाच्या वेळी बंदूक राजवाड्याकडे वळवू शकतो. म्हणून सैन्य मोजके असावे, पण त्याचे वेतन आणि निवारा चांगला असावा.

उपाय कोणते?

सुरुवात शेतीपासून करावी. पोटापुरते मक्याचे पीक निघू लागले की तंबाखू किंवा उसाकडे वळावे. सिगार आणि रमच्या निर्यातीतून खजिना भरतो. मिळालेला पैसा कामाच्या ठिकाणांजवळ घरे बांधण्यात घालावा. घर न मिळालेले लोक स्वतःच झोपड्या उभारतात, आणि झोपड्या वाढल्या की समजावे, असंतोष मुरतो आहे. त्यानंतर दवाखाना, चर्च आणि मद्यालय. खेळातील 'अल्मनॅक' या माहितीपुस्तकात कोणत्या बाबतीत जनता नाराज आहे, हे दिसते. ते पान वरचेवर उघडावे. बंदुका मोजण्यापेक्षा त्याचा उपयोग अधिक होतो.

काठिण्य किती ठेवावे?

डाव मांडतानाच राजकीय आणि आर्थिक काठिण्य वेगवेगळे ठरवता येते. काठिण्य जितके अधिक, तितके अंतिम गुणही अधिक. पहिल्या डावात राजकीय बाजू सौम्य ठेवावी, म्हणजे अर्थव्यवस्थेचे गणित शांतपणे उमगते. ती घडी बसल्यावर राजकीय काठिण्य वाढवावे. तेव्हा पूर्वी पचून गेलेली ढिलाई पचत नाही आणि चूक सुधारायला मिळणारा अवधी आक्रसतो.

पुढे या खेळाच्या अनेक आवृत्त्या निघाल्या; २०१९ मध्ये सहावा भाग आला. मूळ धडा मात्र पहिल्याच भागात गिरवता येतो. एखाद्या शेतमजुरावर टिचकी मारून पाहावे. तो उपाशी आहे का, शेतापासून किती दूर राहतो, त्याच्या मनात काय चालले आहे, सारे पडद्यावर दिसते. त्याच्या तक्रारीवर आज घर बांधले, तर उद्या त्याच्याविरुद्ध चौकी बांधावी लागत नाही.