शेजारची कन्नड (लेखांक ६) : खानावळ आणि पूर्वेची बस

मागच्या आठवड्यात आपण कन्नडमधले आकडे पाहिले. वीस म्हणजे इप्पत्तु, त्याला ओंदु जोडला की इप्पत्तोंदु, म्हणजे एकवीस. आपल्यासारखी एकक आधी बोलायची भानगड नाही. पण पाठ केलेले आकडे वापरायचे कुठे? चिकोडीत राहणाऱ्या मराठी माणसाची खरी अडचण तिथेच आहे.

केएलईच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकायला आलेला कोल्हापूरकडचा मुलगा असो, बदलीवर आलेला बँकवाला असो की इचलकरंजीहून इथे नांदायला आलेली सून असो. बाजारात तुम्ही जरा अडखळलात की समोरचा लगेच मराठीवर येतो. १९५६पर्यंत हा भाग मुंबई राज्यात होता आणि दोन्ही भाषा इथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. समोरचा मदतच करत असतो, पण तुमची कन्नड तिथेच खुंटते.

परदेशात यावर तोड काढलेली दिसते. स्पॅनिश शिकायला लोक सालामांकाला जातात. तिथलं विद्यापीठ १२१८ सालचं. वर्ग संपला की जेवण बहुधा एखाद्या स्थानिक कुटुंबात, आणि सुट्टीच्या दिवशी आव्हिला किंवा सेगोव्हियाची सहल. वरवर ही चैन वाटते. पण जेवताना आणि प्रवासात तीच तीच वाक्यं पुन्हा पुन्हा बोलावी लागतात, आणि चूक झाली तर कुणी सांगायची गरज पडत नाही. ताटात भलतंच येऊन पडतं.

आपल्याकडे हे काम खानावळ करते. उत्तर कर्नाटकी खानावळीत ज्वारीची पातळ, गरम रोट्टी, तेलावर परतलेली भरली वांगी म्हणजे एण्णेगाई, मोड आलेल्या कडधान्याची पल्या, शेंगाचटणी, कारळाची म्हणजे गुरेळ्ळूची चटणी, वर दही, आणि बाजूला कच्ची मेथी नि कांदा. रोट्टीची टोपली घेऊन वाढपी सारखा फिरत असतो. आणखी एक हवी तर ‘इन्नोंद कोडरी’, पुरे झालं तर ‘साकरी’. शेवटचा ‘री’ आदराचा. तो गाळलात तर वयाने मोठ्या वाढप्याला अरेतुरे केल्यासारखं होतं. उठताना गल्ल्यावर ‘एष्ट आत्री?’ विचारायचं, किती झाले? ‘नूरा इप्पत्तु’ ऐकून बिनचूक एकशेवीस रुपये काढून ठेवलेत की मागचा लेखांक वसूल झाला.

आता सहलीचं. इथे दिशा बघून बस पकडावी. पश्चिमेला निपाणी २५ किलोमीटरच्या आसपास. उत्तरेकडे कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर नृसिंहवाडी. दत्ताचं दर्शन, बासुंदी, कवठाची बर्फी, सगळं झकास. पण दिवसभरात कन्नडचा एक शब्द तोंडातून निघाला नाही तरी काही अडत नाही. उलट हुक्केरी, घटप्रभा, गोकाक असं पूर्व-दक्षिणेला सरकावं तशी कन्नड वाढत जाते. थेट बस मिळाली नाही तर मध्ये गाडी बदलावी लागते. बरंच आहे, तेवढंच बोलणं वाढतं. ‘गोकाकक्क होगतैतेन्री?’, गोकाकला जाते का हो, हे एक वाक्य स्टँडवर पुरतं. त्यातला ‘क्क’ म्हणजे आपला ‘ला’. गावाचं नाव बदला आणि हेच वाक्य हुक्केरीसाठी वापरा. तिथे ‘क्क’च्या जागी ‘गे’ लागतो, हुक्केरिगे.

११ जून २०२३पासून कर्नाटकातल्या रहिवासी महिलांना साध्या सरकारी बसमध्ये प्रवास मोफत आहे. कंडक्टर ओळखपत्र मागतो. आधारवर अजून माहेरचा, महाराष्ट्रातला पत्ता असलेल्या सुनेला मात्र तिकीट काढावं लागतं. तिने सुटे मोजताना आकडे म्हणून घ्यावेत.

गोकाकजवळ घटप्रभा नदी सुमारे ५२ मीटरवरून कोसळते. पावसाळ्यात पाणी गढूळ, तांबूस आणि धडकी भरवणारं असतं. धबधब्यावर झुलता पूल आहे, काठावर जुनी मंदिरं आहेत, आणि याच पाण्याच्या जोरावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथे सूतगिरणी उभी राहिली. परतताना गावातून करदंट घ्यायचं. तळलेला डिंक, गूळ आणि सुकामेवा यांची ही चिवट वडी. दुकानदार चव बघायला तुकडा पुढे करतो. तेव्हा ‘अर्धा किलो’ म्हणून मोकळं होऊ नका. ताजं कोणतं, जास्त दिवस टिकणारं कोणतं, हे विचारा. खायच्या गोष्टीवर दुकानदार हौसेने बोलतो आणि गिऱ्हाइकाच्या मोडक्यातोडक्या भाषेला कंटाळत नाही.

तेव्हा या रविवारचा गृहपाठ : खानावळीत एक जेवण आणि पूर्वेकडची एक फेरी. उत्तर मराठीत आलं तरी आपण कन्नड सोडायची नाही. आणि स्टँडवर गोकाकची पाटी नीट बघून ठेवा. तीन अक्षरांत ‘क’ दोनदा येतो, एकदा काना घेऊन, एकदा नुसता. पुढच्या आठवड्यात लिपीला सुरुवात करू ती याच पाटीपासून.