काटा इंजिनाचा, नाडी डायनामोची

गॅरेजच्या ओट्यावरून : भाग ९

गेल्या आठवड्यात बॅटरी वारंवार का उतरते ते पाहताना 'डायनामोकडे पुन्हा येऊ' असं म्हटलं होतं. निमित्त घेऊन आला नारायणगावचा एक पिकअपवाला. टोमॅटोचे क्रेट वाशीला उतरवायचे आणि रिकामी गाडी माळशेजमार्गे परत आणायची, हा त्याचा नेम. गाडी जुनी, साध्या पंपाची.

"काका, आरपीएमचा काटा येड्यासारखा नाचतोय. गाडी खड्ड्यात आदळली की शून्यावर, मग आपोआप वर. मीटर बदलून झालं, तरी तेच."

मीटर बदलायची घाई का करू नये, हे कळायला काट्याला आकडा कोण सांगतं ते आधी पाहू. पेट्रोल गाडीत काम सोपं. ठिणगी पडते, ती मोजली की फेरे कळले. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या दर फेऱ्याला दोन ठिणग्या. डिझेलमध्ये ठिणगीच नाही. हवा दाबून तापते आणि इंधन आपोआप पेटतं. मग मोजायचं काय? अनेक जुन्या डिझेल गाड्यांत त्यासाठी अल्टरनेटर, म्हणजे गॅरेजच्या भाषेतला डायनामो, कामाला लावलेला असतो.

त्याच्या मागे पाहा. जाड वायर बी-प्लसची, ती बॅटरीकडे जाते. दुसरी डी-प्लसची, ती चार्जिंगच्या दिव्याकडे. तिसरी बारीक वायर 'डब्ल्यू' खुणेच्या टोकावरून निघते. काट्याची नाडी ती. डायनामोच्या आतल्या गुंडाळीत तयार होणारी एसी वीज डायोडमधून जाऊन डीसी होण्याआधीच तिथून काढून घेतात. बारा ध्रुवांचा डायनामो दर फेऱ्याला सहा लहरी देतो. पुलीच्या हिशेबाने तो इंजिनाच्या अडीचपट फिरत असेल, तर इंजिनाच्या एका फेऱ्याला पंधरा लहरी. आठशेच्या आयडलिंगला सेकंदाला दोनशे. मीटर त्या मोजतं आणि उलटा भागाकार करून काटा उभा करतं.

थोडक्यात, अशा गाडीतला काटा इंजिन मोजतच नाही, डायनामो मोजतो. म्हणून वेगळ्या मापाची पुली बसवली की काटा स्थिर राहतो पण खोटं सांगतो. चुकणारा काटा आणि डळमळणारा काटा ही दोन दुखणी वेगळी. आज दुसरं पाहू.

पहिली तपासणी कानाने. गाडी उभी करून रेस एका जागी धरा. काट्याबरोबर आवाजही वरखाली होत असेल, तर काटा खरं बोलतोय. मग डिझेलच्या लाइनमध्ये एअर, तुंबलेला फिल्टर, पंपाचा गव्हर्नर अशी वेगळी वाट धरा. आवाज एकसुरी आणि काटाच नाचतोय, तर पुढे वाचा.

दुसरी तपासणी चार्जिंगच्या दिव्याची. काटा पडताना दिवाही लुकलुकला, तर संशय डायनामोवर किंवा बेल्टवर. दिवा गप्प, बॅटरीवर चौदाच्या आसपास व्होल्ट, आणि काटाच पडतो? मग डब्ल्यूची वायर, तिचा कपलर किंवा मीटरची अर्थिंग. चिखलपाण्यात फिरणाऱ्या गाडीच्या कपलरमध्ये हिरवा गंज सापडणं नवलाचं नाही. इंजिन चालू ठेवून वायर हलक्या हाताने हलवत जा; जिथे काटा दचकेल तिथे थांबा. हात बेल्ट-पंख्यापासून लांब. अर्थिंगसाठी मल्टिमीटरचं एक टोक मीटरच्या अर्थवर, दुसरं बॅटरीच्या मायनसवर. इंजिन चालू, दिवे लावलेले, आणि आकडा ०.२ व्होल्टच्या वर असेल तर अर्थ साफ करून पुन्हा घट्ट बसवा.

हेडलाइट आणि वायपर एकदम लावल्यावर इंजिनाचा आवाज तोच, पण काटा मात्र खाली येतो? बेल्ट घसरतोय. पावसाळ्यात सकाळी ऐकू येणारी किंचाळी त्याचीच. स्टार्ट केल्यावर काटा झोपलेला आणि एकदा जोरात रेस दिल्यावर जागा होतो? चार्जिंगच्या दिव्याचा बल्ब तपासा. जुन्या गाडीत डायनामोला जागं करणारा पहिला प्रवाह त्या बल्बमधूनच जातो.

डायोड गेल्याची शंका असेल, तर इंजिन चालू ठेवून बॅटरीच्या दोन टोकांवर एसी व्होल्ट मोजा. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला, तर डायनामो उघडायची वेळ झाली. आणि चालू इंजिनावर बॅटरीची वायर काढून 'डायनामो चालतो का' पाहायची जुनी खोड सोडा. त्या क्षणी उसळणारं व्होल्टेज चांगले डायोडही जाळू शकतं.

नव्या कॉमन रेल गाड्यांत ही सगळी गोष्ट बदलते. तिथे क्रँकजवळचा सेन्सर दातेरी चाक वाचतो, इंजिनाचा कॉम्प्युटर तो आकडा मीटरला कळवतो. काट्याबरोबर इंजिनही अडखळलं किंवा बंद पडलं तर सेन्सर, त्याचा कपलर आणि टोकाला चिकटलेला लोखंडी भुसा पाहा. इंजिन ठणठणीत असेल तर मीटर आणि त्याच्याकडे येणाऱ्या वायरी.

आता आपला पिकअपवाला. रेस धरली, आवाज एकसुरी. मी बॉनेटवर थाप मारली. काटा पडला आणि चार्जिंगचा दिवा क्षणभर लाल झाला. बेल्ट ताठ. डायनामो खाली उतरवला, तर आतले कार्बन झिजून पाच मिलिमीटरच्याही आत आलेले. स्प्रिंगचा जोर संपल्यावर खड्ड्याच्या धक्क्याने ते स्लिप रिंगवरून उचलले जात होते. तेवढ्यापुरता डायनामो झोपायचा आणि काटाही. कार्बनची नवी जोडी बसवली, काटा उभा राहिला.

जुनं मीटर त्याने सीटखाली फडक्यात बांधून ठेवलं होतं. मी तेच परत बसवायला सांगितलं. ते ठणठणीत होतंच. शिवाय नव्या मीटरवर त्याची दहा वर्षं राबलेली गाडी सहाशे किलोमीटर चाललेली दिसत होती. उद्या गाडी विकायला काढली असती, तर काट्याच्या नाचापेक्षा त्या आकड्याचा खुलासा करणं त्याला जड गेलं असतं.

पुढच्या आठवड्यात : टाकी भरलेली असताना डिझेलचा काटा रिकामी का दाखवतो?