शनिवारी रात्री कोणाचं नाव आठवतं? – उपासनेच्या तयारीबद्दल

(या भागाचं लेखी रूप. बोलताना जिथे अडखळले, तेवढं काढून टाकलंय. बाकी जसंच्या तसं.)



गेल्या आठवड्यात एका श्रोत्याचा व्हॉइस नोट आला. आवाजावरून कॉलेजातला वाटतो. म्हणतो, "ताई, दर रविवारी चर्चला जातो, गातो, प्रार्थना म्हणतो, पण मन तिथे नसतंच. उपासनेआधी मनाची तयारी कशी करायची?"

प्रश्न ऐकून मी पटकन उत्तर टाइप करायला घेतलं. शनिवारी लवकर झोप. दुसऱ्या दिवशीचा शास्त्रपाठ आदल्या रात्री वाचून ठेव. सकाळी उठल्या उठल्या फोन हातात घेऊ नकोस, एखादं स्तोत्र वाच. दहा मिनिटं आधी जाऊन शांत बस. हे सगळं उपयोगाचं आहे, खरंच करून बघ. पण पाठवायच्या आधी मी थांबले. कारण हे सगळं मी स्वतः सात महिने नीट करत होते आणि तरीही माझी उपासना खोटी होती. ते कसं, हे शेवटी सांगते. आधी शास्त्रात तयारी म्हणजे काय म्हटलंय ते बघू.

आमच्यापैकी जे ख्रिस्ती नाहीत आणि तरीही ऐकतात (तुम्ही बरेच जण आहात, मला मेसेजमधून कळतं), त्यांच्यासाठी एका वाक्यात: रविवारी मंडळी एकत्र जमते, गाणी, प्रार्थना, शास्त्रवाचन, उपदेश होतो, ती उपासना. आणि येशूने पकडला जाण्याच्या रात्री शिष्यांबरोबर जे जेवण केलं, त्याच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेतात, ते प्रभुभोजन. आमच्या चर्चमध्ये ते महिन्याच्या पहिल्या रविवारी असतं. कॅथलिक चर्चमध्ये मिस्सा म्हणतात आणि ती रोजही होते.

तयारी ही कल्पना जुनीच. यहुदी लोकांचा शब्बाथ शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होतो, म्हणून स्वयंपाक, झाडलोट, दिवे, सगळं त्याआधी उरकायचं. शुभवर्तमानात त्या दिवसाला चक्क 'तयारीचा दिवस' म्हटलंय आणि येशूला क्रुसावर दिलं तो हाच दिवस. गंमत म्हणजे ग्रीक भाषेत आजही शुक्रवारचं नाव 'पारास्केवी' आहे, म्हणजे तयारी. आठवड्यातला एक अख्खा वार या नावाचा!

आता मुख्य मुद्दा. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात, वचन २३ आणि २४ मध्ये, येशू म्हणतो (माझ्या शब्दांत सांगते): तू वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि तिथे तुला आठवलं की तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काहीतरी आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, मग येऊन अर्पण कर.

हे वचन मी लहानपणापासून शंभर वेळा ऐकलं असेल. संडे स्कूलमध्ये पाठ केलं होतं, बक्षीस म्हणून पेन्सिलही मिळाली होती. आणि मी ते कायम उलटं समजत होते. मला वाटायचं, येशू विचारतोय, 'तुझ्या मनात कोणाबद्दल राग आहे का?' मग मी मन तपासायची. नाही, कोणावर राग नाही. चला, उपासनेला मोकळी! पण प्रश्न तो नाहीच. पुन्हा वाचा: भावाच्या मनात *तुझ्याविरुद्ध* काही आहे का? माझ्या मनात डोकावून याचं उत्तर मिळणारच नाही. ते दुसऱ्याच्या मनात आहे.

ऑफिसच्या भाषेत सांगायचं तर आमच्या टीमचा डॅशबोर्ड नेहमी हिरवागार असतो, कारण त्यावर आम्ही आमचीच सर्व्हिस मोजतो. ग्राहकाच्या तक्रारी वेगळ्याच मेलबॉक्समध्ये साठतात आणि तो मेलबॉक्स कोणी उघडत नाही. मनाची तपासणी आपण अशीच करतो.

आणखी एक गोष्ट, जी नकाशा उघडल्यावर कळली. येशू हे बोलला गालीलात. बलिदानाची वेदी होती यरुशलेमेच्या मंदिरात. मधलं अंतर सरळ रेषेत मोजलं तरी शंभरेक किलोमीटर, पायी तीन-चार दिवस. म्हणजे ऐकणाऱ्या शेतकऱ्याच्या, कोळ्याच्या डोळ्यांसमोर काय आलं असेल बघा. मी चार दिवस चालून कोकरू घेऊन आलोय. रांगेत उभा राहिलोय. आता नंबर आला, आणि हा म्हणतो, कोकरू तिथेच सोड, परत गालीलात जा, भावाची माफी माग, मग परत ये! हे व्यवहारात बसत नाही. मला वाटतं, ते बसू नये असंच त्याला म्हणायचं होतं. जे अंतर आपण 'एवढ्यासाठी कोण जाणार' म्हणून टाळतो, त्याच अंतराबद्दल तो बोलतोय.

पौलाचंही तसंच. प्रभुभोजनाआधी प्रत्येकाने स्वतःची परीक्षा करावी, हे करिंथकरांस पहिल्या पत्रातलं, अध्याय ११. आमच्याकडे या परीक्षेचा अर्थ असा घेतात की डोळे मिटा, आठवड्यातली गुपचूप पापं आठवा, मनात सॉरी म्हणा. पण तो अध्याय आधीपासून वाचला तर चित्र वेगळं दिसतं. करिंथच्या मंडळीत काही जण आपापलं जेवण आधीच उरकत होते, कोणी तर पिऊन तर्र होत होते, आणि गरिबांना उपाशी राहून लाज गिळावी लागत होती. पौल चिडलाय तो यावर. म्हणजे परीक्षा कशाची? एकाच मेजावर बसून मी शेजारच्याला खाली दाखवलं का, याची. आणि शेवटी तो उपाय काय सांगतो? एकमेकांसाठी थांबा. बस, इतकं साधं.

सुरुवातीच्या मंडळीने हे फार गांभीर्याने घेतलं होतं. 'दिदाखे' नावाचं एक छोटं पुस्तक आहे, पहिल्या शतकाच्या अखेरीचं किंवा त्यानंतर थोडंसं. ते शतकानुशतकं हरवलं होतं, १८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला त्याची हस्तलिखित प्रत सापडली. त्यात स्पष्ट सांगितलंय की प्रभूच्या दिवशी भाकर मोडण्याआधी पापं कबूल करा आणि ज्यांचं आपसात भांडण आहे त्यांनी समेट होईपर्यंत सामील होऊ नये. पुढे १५५ च्या सुमारास रोममध्ये जस्टिन लिहितो की प्रार्थना संपली की आम्ही चुंबन घेऊन एकमेकांना अभिवादन करतो आणि त्यानंतर भाकर आणि प्याला आणला जातो. आज कॅथलिक मिस्सेत प्रभुभोजनाच्या थोडं आधी लोक वळून एकमेकांना शांती देतात, आपल्याकडे बहुधा हात जोडून, त्याचं मूळ इतकं जुनं आहे. आपण ते शेजारच्याला स्माइल देऊन उरकतो. ज्याच्याशी बिनसलंय तो तीन बाक मागे बसलेला असतो.

आपल्या जॉन विल्सनचा देश स्कॉटलंड, ते १८२९ मध्ये मुंबईत आले. तिथल्या मंडळ्यांमध्ये तर तयारी आठवडाभर चालायची. गुरुवारी उपवास, शनिवारी तयारीची उपासना, रविवारी प्रभुभोजन, सोमवारी आभार. वडीलजन लोकांची विचारपूस करून धातूचं एक छोटं टोकन द्यायचे, ते दाखवलं तरच मेजावर जागा. मला हे थोडं भीतिदायक वाटतं, खरं सांगते. टोकन मिळालं की आपण पास झालो असं माणसाला वाटणारच. पौलाने 'परीक्षा करा आणि लांब राहा' म्हटलेलं नाही. 'परीक्षा करा आणि मग खा' असं म्हटलंय. लूकमधला जकातदार आठवा. लांब उभा राहिला, मान वर करायची हिंमत नव्हती, छाती बडवून दयेची भीक मागितली, आणि देवाने ऐकलं त्याचंच. तयारी ही फी नाही.

आणि एक महत्त्वाची सूचना. हे वचन ज्याने दुखावलंय त्याच्यासाठी आहे. ज्याला दुखावलंय, मारलंय, फसवलंय, त्याच्या डोक्यावर आपटायला नाही. 'चर्चला येण्याआधी तू त्याच्याशी जुळवून घे' असं कोणी तुम्हाला म्हणत असेल तर ते वचन वाचून दाखवा. चालत जायची जबाबदारी कोणावर टाकलीय ते त्यात स्वच्छ आहे. शिवाय रोमकरांस पत्रात पौल म्हणतो, शक्य असेल तर, आणि तुमच्याकडून होईल तितकं. समोरचा दार उघडेल याची हमी कोणीच देत नाही.

आता माझं.

मी आमच्या चर्चमध्ये कीबोर्ड वाजवते. उपासना संगीतातली नारायण वामन टिळकांची भजनं माझ्या बोटांना इतकी पाठ आहेत की डोक्यात सोमवारचं डिप्लॉयमेंट चालू असलं तरी सूर चुकत नाही. हे कौतुक म्हणून सांगत नाहीये.

गेल्या वर्षी आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, नगरला. दादा आणि वहिनी तिथेच राहतात. महिनाभर आईचं उठणं-बसणं, आंघोळ, औषधं, रात्रीचं जागणं, सगळं वहिनींनी केलं. मी दोन दिवस गेले, तेही लॅपटॉप घेऊन. मावशी भेटायला आली होती, ती म्हणाली, "सुनेनं फार केलं हो." आणि मी पटकन म्हणून गेले, "खर्च तर सगळा मीच केला ना." मान वळवली तर वहिनी चहाचा ट्रे घेऊन दारात. त्यांनी ट्रे ठेवला आणि आत गेल्या.

भांडण झालं नाही. कोणी काही बोललं नाही. त्यानंतर मी फोन केला की वहिनी म्हणायच्या, "हो, बऱ्या आहेत आई. देते त्यांना." एवढंच. माझ्या मनात त्यांच्याबद्दल काहीच नव्हतं, त्यामुळे माझा डॅशबोर्ड हिरवा. सात महिने, सात वेळा प्रभुभोजन.

मग एका शनिवारी रात्री दुसऱ्या दिवशीचा पाठ वाचत होते, आमोसचा पाचवा अध्याय. आमोस हा तकोवा गावचा मेंढपाळ. तो देवाच्या वतीने म्हणतो की तुमचे सण मला नकोत, गाण्यांचा गोंगाट बंद करा, वाद्यं ऐकायची नाहीत मला. न्याय पाण्यासारखा वाहू द्या. वाद्यं! मी रागावलेच आधी, की इतकी प्रॅक्टिस करतो आम्ही. आणि मग वहिनींचा तो ट्रे डोळ्यांसमोर आला. कपांमधून चहा बशीत सांडला होता, ते मला तेव्हाही दिसलं होतं.

साडेदहाला फोन केला. म्हटलं, "वहिनी, मी त्या दिवशी जे बोलले ते चुकीचं होतं. तुम्ही केलं ते पैशात मोजता येत नाही, आणि मी ते मोजलं. मला माफ करा." पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाल्या, "मला वाटलं होतं, तुझ्या लक्षातही नसेल." मी रडायच्या बेतात होते, तेवढ्यात त्या शांतपणे म्हणाल्या, "पण तू ते मावशींसमोर बोलली होतीस."

हे मला सुचलंच नव्हतं. फोनवर, एकांतात, चार वाक्यांत मोकळं व्हायचा माझा बेत होता.

दुसऱ्या दिवशी पहिला रविवार होता. आमच्या गाण्याच्या ग्रुपवर मेसेज टाकला की उद्या मी नाही, कीबोर्ड दुसऱ्या कोणाला द्या. सकाळी वाघोलीहून एसटी पकडली. शिक्रापूर, रांजणगाव, शिरूर, सुपा. आमच्या चर्चची घंटा होते त्या वेळी मी सुप्याच्या स्टँडवर खिडकीत बसून होते. वाटलं होतं फार काहीतरी पवित्र वाटेल. पोटात गोळा आला होता फक्त.

पोहोचले तेव्हा वहिनी मुलांना घेऊन चर्चला गेल्या होत्या. आईजवळ बसले. दुपारी मावशीला बोलावून आणलं, जेवणं झाली, आणि सगळ्यांसमोर बोलले. मावशी म्हणाली, "अगं, ते कधीचं! मी विसरले पण." दादा ताटाकडे बघत होता. वहिनी संध्याकाळसाठी लसूण सोलत होत्या, त्या थांबल्या नाहीत. थोड्या वेळाने एक गड्डा माझ्याकडे सरकवला आणि म्हणाल्या, "हा तू सोल."

सगळं पूर्ववत झालं असं नाही. फोनवर आता दोन वाक्यं जास्त बोलतात. परवा आईच्या फिजिओथेरपीबद्दल माझ्यावर ओरडल्या, तर मला बरं वाटलं.

तर मित्रा, तुझ्या व्हॉइस नोटला माझं उत्तर असं आहे. लवकर झोप, पाठ वाच, फोन बाजूला ठेव, ते सगळं कर. पण शनिवारी रात्री दहा मिनिटं बस आणि देवाला एकच विचार: माझ्याबद्दल कोणाच्या मनात काय आहे? मन लागत नाही म्हणालास ना, कदाचित ते त्या माणसाच्या दारात अडकलं असेल. कदाचित तसं काहीच नसेल आणि तू नुसता थकलेला असशील, मग झोप घे. पण नाव आठवलं, तर सकाळच्या एसटीचं वेळापत्रक बघून ठेव.

पुढच्या भागात उपवासाबद्दल बोलू. प्रश्न नेहमीसारखे व्हॉइस नोटवर पाठवा, दोन मिनिटांच्या आत, प्लीज!