कोलंबियाच्या वर्गात उलगडलेली जात

साताऱ्याच्या शाळेत भीमराव आंबेडकर वर्गाच्या एका कोपऱ्यात गोणपाटाच्या तुकड्यावर बसत. तो तुकडा संध्याकाळी घरी न्यायचा आणि सकाळी परत आणायचा, कारण शाळा झाडणारा नोकरही त्याला हात लावत नसे. तहान लागली तर शिपायाने नळ सोडायला हवा. शिपाई नसेल त्या दिवशी पाणी नाही. हे त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवलं आहे. जुलै १९१३ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, हा मुलगा न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला. सोबत बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती होती : तीन वर्षं, दरमहा साडेअकरा पौंड.

इथे नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याबरोबर वसतिगृहाच्या एकाच खोलीत राहायचं, सगळ्यांच्या पंगतीला जेवायचं. अमेरिका-युरोपातल्या वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असं त्यांनी नंतर सांगितलं. भेद त्या देशातही होताच. विद्यापीठाशेजारच्या हार्लेममध्ये याच काळात काळ्या लोकांची वस्ती वाढत होती, आणि १९१३ मध्येच वुड्रो विल्सन यांच्या सरकारने वॉशिंग्टनच्या कचेऱ्यांत काळ्या कर्मचाऱ्यांना वेगळं बसवायला सुरुवात केली होती. पण तिथल्या उतरंडीत महार म्हणून त्यांना कुणी ओळखत नव्हतं.

अंगावरून उतरलेलं हे ओझं विसरून जाणं किती सोपं होतं! आंबेडकरांनी मात्र, घड्याळजी घड्याळ उघडतो तशी, जात उघडून आतली चाकं पाहायला घेतली.

कोलंबियात त्यांनी अर्थशास्त्राचे तब्बल २९ अभ्यासक्रम केले, मानववंशशास्त्राचे अवघे चार. पण जातीची किल्ली सापडली ती याच चारांच्या परिसरात. शिक्षक होते अलेक्झांडर गोल्डनवायझर, फ्रान्झ बोआस यांचे शिष्य. त्यांच्या अभ्यासाचा विषय म्हणजे कुळं आणि त्यांची चिन्हं, म्हणजे आपण ज्याला देवक म्हणतो त्याच जातकुळीतली गोष्ट. एका देवकाच्या लोकांत लग्न होत नाही हे मराठी माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या चर्चावर्गात आंबेडकरांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला, तेव्हा सुरुवात इथूनच केली. आपल्याकडे मुळात कुळाबाहेर लग्न करण्याची रीत. सगोत्र विवाह म्हणजे पाप. अशा समाजात कुठल्यातरी गटाने ‘लग्न आमच्यातच’ असा नियम वरून बसवला, आणि त्या क्षणी जात जन्माला आली. शिवाशिव, रोटीबंदी, धंदा हे सगळं त्यामागून आलेलं. जातीचा गाभा एकच, बेटीबंदी.

इथून पुढचा युक्तिवाद वाचताना अंगावर काटा येतो. बंद गट टिकायचा तर त्यात लग्नाच्या वयाचे पुरुष आणि स्त्रिया सारख्या संख्येने हव्यात. पण मृत्यू जोडीने येत नाही. नवरा आधी गेला की गटात एक स्त्री ‘जास्तीची’ उरते. तिने बाहेर लग्न केलं तर कुंपण मोडतं, आतच केलं तर एका कुमारिकेचा वर जातो. मग तिचं करायचं काय? चितेवर चढवा, नाहीतर जन्मभर विधवा ठेवा. बायको आधी गेली की पुरुष जास्तीचा. त्याला जाळता येत नाही, कारण सत्ता त्याच्याच हातात आणि गटाला तो हवाही असतो. मग त्याने ब्रह्मचारी राहावं, किंवा अजून लग्नाच्या वयात न आलेल्या मुलींमधून त्याला बायको द्यावी. सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह. ज्या चालींविरुद्ध आपले सुधारक एकेक करून झगडले, त्या सगळ्या या पंचवीस वर्षांच्या तरुणाने एकाच कारणाशी आणून बांधल्या. या चालींची थोरवी सांगणारं तत्त्वज्ञान नंतर रचलं गेलं. आधी होती ती गट बंद ठेवण्याची गरज.

मला या निबंधाचा सगळ्यात मोठा विशेष वाटतो तो हा, की जातीचं दुःख आणि स्त्रीचं दुःख यांची मुळं त्यात एकाच जागी सापडतात.

मग एका गटाचं कुंपण देशभर कसं पसरलं? मनूने कायदा केला म्हणून नव्हे; जात मनूच्या आधीची, असं आंबेडकर म्हणतात. पुरोहितवर्गाने आधी दार लावून घेतलं, इतरांनी त्याचं अनुकरण केलं. इथे त्यांनी फ्रेंच समाजशास्त्रज्ञ गाब्रिएल तार्द यांचा आधार घेतला : अनुकरण वरून खाली वाहतं, आणि जो जवळ तो जास्त नक्कल करतो. म्हणून ब्राह्मणांच्या जवळच्या जातींत या तिन्ही चाली कडक, आणि जसजसं दूर जावं तसतशा सैल. आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर अनेक जातींत विधवेचा पाट लागत असे, आणि प्रतिष्ठा वाढवू पाहणारी घराणी आधी तोच बंद करत.

निबंधात आंबेडकर अनेक पंडितांच्या व्याख्या तपासतात. त्यातली सर्वांत जवळची वाटते ती श्रीधर व्यंकटेश केतकरांची. होय, आपले ज्ञानकोशकार केतकर! त्यांनीही अमेरिकेतच, कॉर्नेल विद्यापीठात शिकत असताना, जातीच्या इतिहासावर ग्रंथ लिहिला. तो १९०९ साली प्रसिद्ध झाला. जातीची दोन लक्षणं केतकर सांगतात : सभासदत्व जन्माने, आणि बाहेर लग्नाला बंदी. आंबेडकर आदराने म्हणतात, ही दोन नाहीतच, एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. बाहेर लग्न बंद केलं की जन्माखेरीज आत यायला वाट उरतेच कुठे? एक ब्राह्मण, एक महार. दोघेही हजारो मैल दूर जाऊन एकाच प्रश्नावर वाकलेले, आणि तिथे धाकटा थोरल्याची व्याख्या दुरुस्त करतो आहे. हे त्या काळी महाराष्ट्रातल्या कुठल्या वर्गात घडू शकलं असतं?

स्वतःबद्दल मात्र या निबंधात एक ओळ नाही. गोणपाट नाही, नळ नाही. पुढच्याच महिन्यात आंबेडकर लंडनला गेले. १९१७ मध्ये नोकरीसाठी बडोद्याला आले तेव्हा राहायला जागा मिळेना. पारशी नाव घेऊन एका पारशी धर्मशाळेत उतरले आणि काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तिथून घालवलं.

निबंधात त्यांनी केतकरांचा एक इशाराही नोंदवला आहे : हिंदू जगभर गेले तर जात हा जगाचा प्रश्न होईल. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिअ‍ॅटलने जातीवरून भेदभाव करायला कायद्याने बंदी घातली. असं करणारं ते अमेरिकेतलं पहिलं शहर. तो ठराव मांडणाऱ्या नगरसेविका क्षमा सावंत यांचा जन्म पुण्याचा, आणि अर्थशास्त्रात पीएच.डी. त्यांनीही अमेरिकेतच केलेली.