पहिली गोळी नेमकी, तिसरी भलतीकडे! जुन्या हलक्या नळीच्या रायफलीचं गणित काय आहे?

परभणी जिल्ह्यातलं राणीसावरगाव हे गंगाखेड तालुक्यातलं, बालाघाटच्या डोंगररांगेकडचं गाव. अशा डोंगराकडेच्या शिवारात ज्वारी हुरड्यात आली की रात्रीची राखण सुरू होते. रानडुकरांचा कळप खातो थोडं आणि लोळवतो जास्त.

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम ११ नुसार उभ्या पिकाला धोकादायक ठरलेला अनुसूची २ मधला प्राणी मारायची लेखी परवानगी मिळू शकते. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर आणि रोही याच अनुसूचीत आहेत. परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेले अधिकारी देतात. परवानगी नसेल तर तो थेट गुन्हा.

आता समजा, परवानगी मिळाली. घरात आजोबांच्या काळातली परवान्याची रायफल आहे. पण ती चालेल का? चालेल म्हणजे नुसती उडेल का, असं नाही. गोळी जिथं नेम धरला तिथंच लागेल का? कारण चार बोटं चुकलं तरी जखमी डुक्कर पळतं, आणि जखमी डुक्कर किती घातक असतं हे गावात कुणाला सांगावं लागत नाही. आणि गोळी पूर्णच चुकली तर ती बांधावर थांबत नाही. रायफलीची गोळी दोन-तीन किलोमीटर सहज जाते, आणि तेवढ्यात दुसरी वस्ती येते.

ही पॉइंट ३१५ आली कुठून?

आपल्याकडे परवान्यावर दिसणारी जुनी रायफल बहुतेकदा 'तीनशे पंधरा' असते. इंग्रजांच्या काळात सैन्याचं पॉइंट ३०३ काडतूस सामान्य माणसाच्या हाती जाऊ नये असा नियम होता. लष्कराचा चोरलेला दारूगोळा बाहेरच्या बंदुकीत चालूच नये, हा त्यामागचा हिशोब. मग शिकारीसाठी ८ मिलिमीटरचं वेगळं काडतूस आलं. बर्मिंगहॅमच्या बीएसएनं त्यासाठी रायफली बनवल्या, पुढं पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी कारखान्यानं बनवल्या. यंत्रणा मात्र लष्कराच्या ली-एनफिल्डचीच राहिली. काडतुसं पुण्याच्या खडकीतून येत. बुडावर 'केएफ' असा ठसा दिसला तर ते खडकीचं काडतूस.

शिकारीची रायफल दिवसभर खांद्यावर वागवायची असते, म्हणून नळी बारीक ठेवली जाते. सगळी भानगड इथूनच सुरू होते.

नळी थरथरते म्हणजे काय होतं?

काडतुसातली दारू पेटल्यावर गोळी नळीतून बाहेर पडायला साधारण एक ते दीड मिलिसेकंद लागतो. तेवढ्या वेळात स्फोटाच्या दाबानं नळी स्थिर राहत नाही, काठी हापटल्यावर थरथरते तशी ती थरथरते. गोळी बाहेर पडताना नळीचं तोंड जिकडं असेल तिकडं गोळी जाते. हा फरक एका अंशाचा साठावा भाग इतका असला तरी १०० मीटरवर गोळी जवळपास ३ सेंटिमीटर सरकते.

जाड नळी कमी वाकते. किती कमी? कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताप्रमाणे वाढतो. १६ मिलिमीटरची नळी २० मिलिमीटर केली (आतलं भोक ८ मिलिमीटर धरा), तर कडकपणा अडीच पट होतो आणि वजन पावणेदोन पट. कोल्हापूरच्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं पॅरिसमध्ये २०२४ साली ज्या प्रकारात कांस्यपदक जिंकलं, त्या ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये रायफलीला ८ किलोपर्यंत वजन चालतं. ती पाठीला लावून कुणी रान तुडवत नाही. शिकारी रायफल साडेतीन किलोच्या आसपास असते.

पण थरथर हा खरा शत्रू नाही. प्रत्येक वेळी ती सारखीच झाली तर गोळ्या एकाच जागी पडतील, साइट तेवढी जुळवून घ्यायची. ए. मॅलॉक या ब्रिटिश शास्त्रज्ञानं १९०१ मध्ये रायफलीच्या नळीच्या कंपनांवर शोधनिबंध लिहिला. ली-एनफिल्डची गंमत तर अशी की तिची थरथर कधी कधी कामाला येते. गोळी थोडी मंद सुटली तर ती उशिरा बाहेर पडते, तोवर नळीचं तोंड किंचित वर आलेलं असतं. त्यामुळं मंद गोळी थोडी वर सुटते आणि लांब पल्ल्यावर वेगवान गोळीच्या बरोबरीला येते. शेतातल्या पन्नास-शंभर मीटरला याचा उपयोग शून्य, पण वाचताना भारी वाटतं.

मग बिघडतं कुठं?

बहुतेकदा लाकडात. नळीखालचा आक्रोडाचा दस्ता पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात आक्रसतो. मराठवाड्यातला मे आणि ऑगस्ट आठवा. लाकूड एका बाजूनं नळीला टेकलं की ते तिला ढकलतं, आणि हा दाब ऋतूप्रमाणं बदलतो. दिवाळीला जुळवलेली रायफल मृगात वेगळीकडं मारते ती यामुळं. रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री करून, नळी आणि लाकूड यांच्यात कागदाची पट्टी सरकवून बघा. कुठं अडकते ते लगेच कळतं.

सरसकट सगळं लाकूड कोरून नळी मोकळी करा, असा सल्ला हमखास मिळतो. जाड नळीला तो बरोबर आहे. पण बारीक नळीला पुढच्या टोकाशी खालून हलका, एकसारखा आधार दिला तर ती उलट शांत होते. ली-एनफिल्डच्या लष्करी रायफलींमध्ये तर असा आधार देणारी स्प्रिंग मुद्दाम बसवलेली असे. म्हणून आधी लाकूड कोरू नये. कोरलेलं परत भरणं अवघड.

दुसरं कारण उष्णता. बारीक नळी तीन-चार गोळ्यांतच तापते. तापली की धातूतले जुने ताण जागे होतात, ती किंचित वाकते आणि गोळ्या एका दिशेनं सरकत जातात. त्यामुळं दहा गोळ्या झाडून 'ही रायफल बाद' म्हणणं अन्यायाचं आहे. तीन गोळ्या, प्रत्येकीनंतर नळी हाताला थंड लागेपर्यंत थांबायचं, मग निकाल बघायचा.

तिसरं, गंज. जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळल्यावर क्षार उरतो, तो हवेतली ओल ओढतो आणि नळी आतून खातो. नुसत्या तेलानं तो जात नाही. सैनिक त्यासाठी नळीत उकळतं पाणी ओतायचे, मग कोरडी करून तेल लावायचे. नळीच्या तोंडाची कडा चेपली असेल तरी गोळी तिरकी सुटते. हे काम मात्र परवानाधारक कारागिराचं.

तो परवाना बघूनच रायफल हाती द्या. शस्त्र कायदा, १९५९ नुसार बंदूक दुरुस्तीला आणि काडतुसं भरायलाही परवाना लागतो. परवान्याशिवाय नळी कापून आखूड करणं हा गुन्हा आहे. चाचणीही अधिकृत रेंजवरच. २०१९ च्या दुरुस्तीनं एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात, वारसानं आलेल्याही त्यातच धरतात. म्हणजे कुठली ठेवायची हे ठरवायच्या आधी ही तपासणी केलेली बरी.

तपासताना एकाच खोक्यातली काडतुसं वापरा आणि सकाळच्या पहिल्या, थंड नळीच्या गोळीची वेगळी नोंद ठेवा. तीन वेगवेगळ्या दिवशींच्या तीन पहिल्या गोळ्या एका बशीत मावत असतील, तर साइट त्या बशीला जुळवा. शेतात बहुतेकदा तेवढी एकच गोळी मिळते. त्या तीन गोळ्याच इकडं-तिकडं पडत असतील, तर ती रायफल घेऊन रात्री शिवारात जाऊ नये.