आम्ही महापालिकेत आलो, मग पिनकोड गावाचाच का?

पुण्याच्या कडेकडेने वाढलेल्या वस्त्यांत सोसायटीची बैठक भरली की पाणी, रस्ता आणि कचरा यांच्यापाठोपाठ पिनकोडचा विषय निघतोच. ‘आम्ही महापालिकेत आलो, कर महापालिकेला भरतो, मग आमचा पिनकोड ४१२नेच का सुरू होतो? ४११ कधी देणार?’ मग सह्या गोळा होतात, नगरसेवकाला निवेदन जातं, फोटो निघतो. जिथे पिनकोड खरोखरच बदलतो तिथे उलटी ओरड असते: ‘आता आधार, बँक, खरेदीखत, सगळं पुन्हा करायचं का?’

दोन्ही तक्रारींच्या मुळाशी एकच समजूत आहे. पिनकोड हा आपल्या भागाचा नंबर आहे आणि शहर वाढलं की शहराचा नंबर आपोआप मिळायला हवा, असं लोक धरून चालतात. ही समजूत साफ चुकीची आहे.

पिनकोड हा टपालाचा बटवडा करणाऱ्या कार्यालयाचा क्रमांक आहे. तुमची पत्रं ज्या कार्यालयातला पोस्टमन आणतो, त्या कार्यालयाचा आकडा तुम्ही पत्त्याखाली लिहिता. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मूळचे कोकणातले, संस्कृतचे पंडित आणि केंद्रीय दळणवळण मंत्रालयातले वरिष्ठ अधिकारी. त्यांच्यापुढची अडचण अगदी व्यवहारातली होती. एकाच नावाची अनेक गावं, अनेक भाषा, अनेक लिप्या आणि वाचता न येणारी अक्षरं! नुसतं ‘वडगाव’ लिहिलं तर पत्र कुठे पाठवायचं? वडगाव शेरीचा पिनकोड ४११०१४, वडगाव बुद्रुकचा ४११०४१, वडगाव मावळचा ४१२१०६ आणि कोल्हापूरकडच्या पेठ वडगावचा ४१६११२. आकडा पाहिला की गोंधळ संपतो.

सहा आकड्यांपैकी पहिला आकडा देशातला विभाग सांगतो. पहिल्या दोन आकड्यांवरून टपाल परिमंडळ कळतं, पहिल्या तिनांवरून टपालाची वर्गवारी करणारा जिल्हा आणि शेवटच्या तिनांवरून बटवड्याचं कार्यालय. यातला ‘जिल्हा’ शब्द घात करतो. तो टपाल खात्याचा जिल्हा आहे. कलेक्टरचा, महापालिकेचा किंवा आमदाराचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही.

विश्वास बसत नसेल तर पुण्याभोवती एक फेरी मारा. वाघोली २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आली, तरी तिचा पिनकोड ४१२२०७ राहिला. हिंजवडीला ग्रामपंचायत आहे, पण तिचा पिनकोड ४११०५७, म्हणजे अगदी ‘पुण्याचा’. त्याच ४११०५७मध्ये वाकडचे पत्ते येतात आणि वाकड आहे पिंपरी-चिंचवड महापालिकेत. फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावं २०१७ मध्ये पुणे महापालिकेत गेली, पुढे बाहेर पडली आणि त्यांची स्वतंत्र नगरपरिषद झाली. या सगळ्या येण्याजाण्यात ४१२३०८ जागचा हलला नाही. का हलावा? पत्र आणणारं कार्यालय तेच होतं.

जरा लांब पाहा. पुणे जिल्ह्यातलं चाकण ४१०५०१ आणि रायगड जिल्ह्यातलं पनवेल ४१०२०६, म्हणजे दोघांचे पहिले तीन आकडे एकच. सातारा आणि रत्नागिरी यांच्यामध्ये सह्याद्री उभा असला तरी दोन्ही शहरांचा पिनकोड ४१५ने सुरू होतो. कोल्हापूर, सांगली आणि सावंतवाडी यांचे पिनकोड ४१६ने सुरू होतात. गोवा वेगळं राज्य आहे, पण टपालाच्या हिशेबात महाराष्ट्र परिमंडळात मोडतं, म्हणून त्याचा आकडा ४०३.

तरीही ४११चा हट्ट सुटत नाही, कारण त्याला प्रतिष्ठा चिकटली आहे. गाडी एमएच १२ची की एमएच १४ची यावर जशी पुण्यात ऐट ठरते, तशीच पिनकोडवर ठरू लागली आहे. मीरा रोडच्या ४०१ला दहिसरच्या ४०० पलीकडचं मानणारेही याच पंथातले. पण टपाल हा विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्राच्या यादीत आहे. त्यामुळे पिनकोड बदलून देण्याचा ठराव कोणत्याही महापालिकेच्या सभेने केला, तर तो फार तर विनंती ठरेल. नगरसेवकाला वेठीला धरून काही होणार नाही.

मग पिनकोड बदलतो कधी? वस्ती वाढली, एका कार्यालयाला बटवडा झेपेनासा झाला की टपाल खातं नवं बटवडा कार्यालय उघडतं किंवा काही भाग शेजारच्या कार्यालयाकडे सोपवतं. त्या भागाचा पोस्टमन बदलतो आणि त्याबरोबर आकडाही बदलतो. म्हणूनच रस्त्याच्या एका बाजूच्या सोसायटीचा पिनकोड एक आणि समोरच्या सोसायटीचा दुसरा असू शकतो. यात कोणाचा मान वाढला नाही की कमी झाला नाही.

रहिवाशांचा त्रास मात्र खरा आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. बदल झाल्याचं अनेकांना पोस्टमनकडून किंवा परत गेलेल्या पाकिटावरूनच कळतं. ऑनलाइन अर्जांमागच्या याद्या जुन्या असतात, त्या नवा आकडा स्वीकारत नाहीत. कुरिअरवाला ‘इथे सेवा नाही’ म्हणतो. व्यापाऱ्यांना तर पिनकोड चुकवून चालतच नाही, कारण ई-वे बिलात मालवाहतुकीचं अंतर पाठवणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या पिनकोडवरून काढलं जातं. हा राग योग्य आहे. तो काढायचा कुठे, एवढंच चुकतं.

आता बाकीच्या समजुती झटपट निकालात काढू.

पिनकोड बदलला की खरेदीखत रद्द होतं? मुळीच नाही. दस्तात मिळकतीची ओळख सर्व्हे, गट किंवा सिटी सर्व्हे क्रमांकाने होते.

आधार बाद होतं? नाही. आधारची ओळख बारा आकडी क्रमांकाने आहे. पत्ता सवडीने दुरुस्त करून घ्या.

४११ मिळाला की फ्लॅटची सरकारी किंमत वाढते? रेडी रेकनरचे दर नोंदणी व मुद्रांक विभाग ठरवतो आणि त्यात पिनकोड विचारात नसतो.

पिनकोडवर मतदारसंघ ठरतो? नाही. मतदारयादीचे भाग वेगळे आखले जातात.

जिल्ह्याचं नाव किंवा हद्द बदलली की पिनकोड बदलतो? २०१४ मध्ये पालघर जिल्हा झाला, तरी पालघर ४०१४०४च राहिलं. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, तरी ४३१००१ तोच आहे.

जवळ पोस्ट उघडलं की नवा पिनकोड मिळतो? दरवेळी नाही. बरीच टपाल कार्यालयं बटवडा करत नाहीत. ती बटवडा करणाऱ्या जवळच्या कार्यालयाचाच आकडा वापरतात.

‘कुरिअर येत नाही’ ही टपाल खात्याची चूक? खासगी कंपनी कुठे सेवा द्यायची ते स्वतः ठरवते.

डिजिपिन आला, म्हणजे पिनकोड गेला? नाही. टपाल खात्याने मे २०२५ मध्ये आणलेला डिजिपिन हा दहा अक्षर-अंकांचा संकेत साधारण चार मीटर लांबी-रुंदीच्या चौकोनाची जागा दाखवतो. तो पिनकोडच्या जोडीला आहे, त्याच्या जागी नाही.

आपला खरा पिनकोड शोधणं अवघड नाही. पोस्टमनला विचारा किंवा टपाल खात्याच्या संकेतस्थळावर पाहा. डिजिपिनसोबत नकाशावर जागा दाखवून पिनकोड सांगणारी सुविधाही खात्याने सुरू केली आहे. बिल्डरच्या जाहिरातीवर मात्र विसंबू नका. तिथे छापलेला आकडा फ्लॅट विकण्यासाठी असतो. त्यावर विसंबून पत्ता लिहिलात तर पत्र आधी भलत्याच कार्यालयात जाईल आणि तिथून फिरून तुमच्याकडे येईल.

आणि निवेदन द्यायचंच असेल तर ते टपाल खात्याच्या वरिष्ठ अधीक्षकांना द्या. त्यात ४११ मागू नका. वाढलेल्या वस्तीला पुरेल असं बटवडा कार्यालय मागा, पुरेसे पोस्टमन मागा आणि बदल होण्याआधी प्रत्येक सोसायटीला लेखी सूचना मागा. पत्र वेळेवर येणार असेल तर पाकिटावर ४११ आहे की ४१२, याने काहीही फरक पडत नाही.